सगळ्या गोळ्या मोजायच्या

माझी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला झाली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या. काही पास केल्या, काहींवर लाल रंगाचा फराटा ओढला. बंदुकीशी संबंध म्हणाल तर कॉलेजातली एनसीसी आणि तिथे उडवलेल्या पॉइंट टू-टूच्या पन्नासेक गोळ्या. त्यामुळे ऑन्टारिओतल्या माझ्या आतेभावानं फोन करून प्रस्तावना मागितली तेव्हा मी आधी विचारलं, पुस्तक आहे कशावर?

"रायफलीवर."

"कुठल्या जातीच्या?"

"जातीच्या नाही रे. एकाच रायफलीवर. माझ्या."

सत्तरी गाठली की माणसाचं असं होतं कधीकधी, म्हणून मी विषय बदलला. पण त्यानं हस्तलिखित पाठवलंच. दीडेकशे पानं, निम्मी कोष्टकांची. रायफल घेतल्यापासून चार वर्षांत तिच्यातून सुटलेली एकूणएक गोळी तारीख, हवा, वारा, काडतुसाची जात आणि कागदावरच्या जागेसकट त्यात उतरवलेली आहे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. लांब गेलेल्या गोळ्यांसमोरचे शेरे मी आधी चाळले, कारण माणसाची पारख शेऱ्यांवरून होते. बहुतेक ठिकाणी तीनच शब्द होते: 'कारण माहीत नाही'. छत्तीस वर्षांत असा शेरा लिहिणारा माणूस मला शॉप फ्लोअरवर भेटला नव्हता. त्याच संध्याकाळी मी होकार कळवला.

ज्यांना बंदुकीतलं काही कळत नाही त्यांना आत येण्यापुरतं दार उघडून द्यावं, एवढंच या प्रस्तावनेचं काम. रायफल आहे ली-एनफिल्ड, नंबर फोर मार्क वन स्टार, १९४३ सालची. आपण जिला 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतो तिचंच धाकटं भावंड. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर जी पिढ्यान् पिढ्या दिसली ती बहुतेक आधीच्या नमुन्याची, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात घडलेली. २००८ च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर काही पोलिसांच्या हातात हीच जुनी बंदूक होती, हे आपण विसरलेलो नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० साली. आतेभावाची मात्र कॅनडातच जन्मलेली आहे. टोरांटोच्या पश्चिमेला, तळ्याकाठी लाँग ब्रँच नावाची जागा आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्यातून या नमुन्याच्या लाखो रायफली निघाल्या. कामगारांत बायकांची संख्या मोठी होती. कारखाना आता नाही. एक इमारत तेवढी शिल्लक आहे आणि तिथे कलेची प्रदर्शनं भरतात. ही शिल्लक राहिलेली इमारत कुठली असावी? इन्स्पेक्शनची! मी गेलो होतो तेव्हा भावानं तिच्या दारात माझा फोटो काढला. तो पुस्तकात घालू नकोस असं सांगूनही त्यानं घातला आहे.

या बंदुकीच्या नावातला 'ली' म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडमधला, १८३१ चा. वाढला मात्र ऑन्टारिओत, गाल्ट नावाच्या गावात, आतेभावाच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. बोल्टच्या खाली बसणारी काडतुसांची सुटी पेटी ही लीची करामत. 'एनफिल्ड' हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. १८९५ साली ही दोन नावं जोडली गेली आणि पुढच्या साठेक वर्षांत, अंदाज असा आहे, या घराण्याच्या एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास रायफली निघाल्या. युद्ध संपलं, नवी हत्यारं आली, आणि लष्करांनी हा माल मोडीत काढला. १९५० आणि ६० च्या दशकांत कॅनडा-अमेरिकेत तो किरकोळ भावानं, टपालानं मागवूनसुद्धा मिळे. शेतकरी विकत घेत, पुढचं लाकूड करवतीनं उतरवत आणि हरणामागे जात. आज त्याच करवतीवर लोक हळहळतात, कारण अखंड लाकडाची रायफल आता शोधावी लागते.

अशी मोडीतली रायफल घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला. ही अजून नेमकी मारते का? सगळं पुस्तक या एका प्रश्नावर उभं आहे, आणि मला वाटतं, प्रश्नच नीट विचारला जात नाही.

कारण 'नेमकी' या शब्दात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या, ही एक. तो सगळा घोळका जिथे नेम धरला तिथे बसला का, ही दुसरी. दुसरीचं फार मनावर घ्यायचं नसतं. नळीच्या टोकावरची माशी बदलली की काम होतं. या रायफलीसाठी माशा वेगवेगळ्या उंचीच्या मिळत, पंधरा पंधरा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरकानं, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांहून किंचित कमी. एक पायरी उंच माशी बसवली की शंभर यार्डांवर घोळका जवळपास दोन इंच खाली येतो. डावीकडे-उजवीकडे करायचं तर माशी खाचेत सरकवायची. हे काम एका दुपारचं. गोळ्या विखुरतातच, हे दुखणं मात्र मुरलेलं असतं. ते नळीत असेल, लाकडात, काडतुसात किंवा खांद्यामागच्या माणसात.

माणसाला बाजूला कसं काढायचं याचा विचार फार जुना आहे. १८६० च्या जुलैत विम्बल्डनला इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली आणि पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उडवायची ठरली. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या नामांकित इंजिनिअरनं (स्क्रूच्या आट्यांचं माप पहिल्यांदा ठरवून देणारा तोच) आपली रायफल लोखंडी घोडीवर आवळली, स्वतः नेम लावला आणि चापाला रेशमी दोरी बांधून ती राणीच्या हातात दिली. चारशे यार्डांवर गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत बसली. टाळ्या झाल्या. मला विचाराल तर त्या दिवशी रायफलीबद्दल काहीच सिद्ध झालं नाही. एक नग मोजून लॉट पास करणारा इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. व्हिटवर्थला हे पक्कं ठाऊक असणार, पण राणीला म्हणायचं कोणी, बाईसाहेब, अजून नऊ उडवा?

एनफिल्डच्या कारखान्यात पुढे जी कसोटी रूढ झाली ती मला जास्त भावते. रायफल घोडीवर बसवायची, शंभर फुटांवर पाच गोळ्या उडवायच्या. एक इंच रुंद आणि दीड इंच उंच अशा चौकटीत पाचपैकी चार बसल्या पाहिजेत. शिवाय दर दहा रायफलींतली एक सहाशे यार्डांवर तपासायची. तिथे दहापैकी नऊ गोळ्या दोन फूट व्यासाच्या वर्तुळात हव्यात. दुर्बीण लावून नेमबाजांना देण्याच्या रायफलींचं माप आणखी कडक होतं. दोनशे यार्डांवर सातच्या सात गोळ्या पाच इंचांच्या वर्तुळात, चारशेवर सातपैकी सहा दहा इंचांच्या. हे आकडे आजच्या शौकिनांना सांगितले की ते चक्रावतात. त्यांनी शंभर यार्डांवर एक इंच, अर्धा इंच असल्या गप्पा ऐकलेल्या असतात. सैनिकाच्या हातात द्यायच्या साध्या रायफलीकडून सैन्याची अपेक्षा शंभर यार्डांवर तीन-चार इंचांची होती, आणि तेवढी ती पुरवत होती. चिखलात पडूनही चालणारी, भराभर बोल्ट मारता येणारी बंदूक हवी तर बोल्ट जरा सैलच बसतो. कुठल्याही फिटरला विचारा.

आता नळी. पुस्तकातलं हे प्रकरण मी तीनदा वाचलं. नावात ३०३ असलं तरी ते नळीच्या भोकाचं माप. गोळीला गिरकी देणाऱ्या आट्यांच्या खाचांच्या तळाशी मोजलं तर ३१३ थाऊही भरतं आणि ३१६ सुद्धा. गोळी असते ३११-३१२ ची. सैल नळीत ती नीट पकडली जात नाही. मग माप घ्यावं म्हणून लोक शिशाची नरम गोळी नळीतून ठोकून बाहेर काढतात आणि तिच्यावर उमटलेला व्यास मायक्रोमीटरनं मोजतात. इथे गंमत आहे. एनफिल्डच्या नळीला खाचा पाच. विषम आकडा, म्हणजे एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच नसते, उंचवटा असतो. साधा मायक्रोमीटर लावलात की तो एका बाजूनं खाच धरतो आणि दुसऱ्या बाजूनं उंचवटा. येणारं माप कशाचंच नसतं. त्याला व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. (युद्धाच्या घाईत दोनच खाचांच्या नळ्याही निघाल्या. त्यांना हा त्रास नाही.) आतेभावानं पहिले सात महिने साध्या मायक्रोमीटरनं मोजलं, मग चूक कळली, आणि त्यानं ती सात महिन्यांची मापं न खोडता पुस्तकात ठेवली आहेत. मी त्याला म्हटलं, काढून टाक. तो नाही म्हणाला. त्याचंच बरोबर होतं.

नळी झिजते दोन टोकांना. मागच्या टोकाला दारूच्या आगीनं, पुढच्या टोकाला साफसफाईनं. हे दुसरं ऐकून मी चपापलो, कारण ते पाप माझ्याही खात्यावर आहे. एनसीसीत फायरिंग झालं की उस्ताद ओरडायचे, "चिंदी निकालो!" चार इंच बाय दोन इंच फडक्याचा तुकडा, त्याचं सरकारी नावच चिंदी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंदी. या दोरीचं इंग्रजी नाव पुलथ्रू, पण सगळी बटालियन तिला फुलथ्रू म्हणायची. वजन मागून सोडायचं आणि तोंडाशी दोरी धरून ओढायची. सरळ ओढली तर ठीक. आम्ही पोरं जेवणाच्या घाईत तिरकी ओढायचो आणि दोरी नळीच्या तोंडावर एकाच बाजूला घासायची. दोरीला चिकटलेली वाळू म्हणजे कानसच. वर्षानुवर्षं असं झालं की तोंड अंडाकृती होतं आणि बाहेर पडता पडता गोळीला एका बाजूनं वायूंचा धक्का बसतो. नळी आतून आरशासारखी चकाकते आणि गोळ्या भलतीकडे जातात. तोंडात काडतूस उलटं खुपसून झीज बघायची एक पद्धत शौकिनांत आहे. ती अंदाजाला ठीक. तिच्यावर रायफल पास-नापास करू नये.

आगीची गोष्ट खडकीपर्यंत येते. आतेभावाला एका जुन्या पेटीत काही पितळी काडतुसं मिळाली. बुडाशी के, एफ, सालाचे दोन आकडे आणि रोमन सात. के म्हणजे किरकी, आपली खडकी, जिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. आमचं घर त्या कारखान्याच्या भोंग्यावर जेवत-झोपत असे. फोटो बघून मी काय बोलावं ते मला सुचेना. त्यानं त्यातलं एक काडतूस पक्कड लावून सावकाश उघडलं. आतून शेवया निघाल्या. खरंच शेवया, तांबूस-तपकिरी, काडतुसाच्या लांबीच्या, जुडी बांधल्यासारख्या. हे कॉर्डाइट. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन, १८८९ सालचा शोध. त्याची आग इतकी कडक की आधीच्या मेटफोर्ड पद्धतीच्या उथळ आट्यांच्या नळ्या तिनं झिजवून टाकल्या. एनफिल्डचे खोल आटे त्यासाठीच आले. गोळीही साधी नाही. १७४ ग्रेन वजनाची, आणि टोकाकडचा भाग शिशाचा नाही, अॅल्युमिनियमचा किंवा लाकडाच्या लगद्याचा. म्हणजे पुढून हलकी, मागून जड.

ही काडतुसं रायफल तपासायला वापरावीत का? पुस्तकाचं उत्तर स्पष्ट आहे, आणि खडकीचा असूनही मी त्याच्याशी सहमत आहे. नाही. ऐंशी वर्षं कुठल्या तरी गोदामात उन्हाळे-हिवाळे काढलेल्या दारूचा भरवसा नसतो. चाप ओढावा तर नुसतं 'टक' होतं आणि माणूस मान वर करतो न करतो तोच धाड. म्हणून टक झालं तरी नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धं मिनिट थांबायचं. शिवाय जुन्या टोपीतल्या रसायनातून जळल्यावर जे क्षार उरतात ते मिठाचेच भाऊ. हवेतली ओल शोषतात आणि नळी गंजवतात. तेलानं ते जात नाहीत, पाण्यानं जातात. ब्रिटिश शिपाई नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतत तो चहाच्या वेळेचा फाजीलपणा नव्हता. तेव्हा रायफल तपासायची तर आजच्या, एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या काडतुसांनी. काडतूस तपासायचं तर मग रायफल तीच ठेवायची. दोन्ही एकदम बदलून निष्कर्ष काढणारे लोक मी कारखान्यातही पाहिले आहेत. ते बहुधा मॅनेजर होतात.

सगळ्यात रसाळ प्रकरण लाकडाचं आहे. या रायफलीची नळी पुढच्या लाकडात मोकळी पडलेली नसते. तोंडाजवळ लाकडानं तिला खालून हलकेच वर उचलून धरायचं असतं, दोन ते सात पौंडांच्या जोरानं. हा जोर गेला की गोळ्या उभ्या रेषेत विखुरतात. जास्त झाला किंवा एका अंगाला गेला तर नळी तापत जाईल तसा घोळका सरकत जातो. आतेभावानं शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला ताणकाटा नळीच्या तोंडाला अडकवून दर महिन्याला हा जोर मोजला. उन्हाळ्यात साडेपाच पौंड. जानेवारीत, घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड आखडल्यावर, दीड. त्या महिन्यात त्याचे घोळके वाईट पडले आणि क्लबातले सगळे म्हणाले, नळी गेली, फेकून दे. त्यानं लाकडाला आठ दिवस जवसाचं तेल पाजलं, रोज हातानं चोळून, आमची आजी जात्याच्या खुंट्याला चोळायची तसं. पुढच्या मोजणीला काटा चारवर आला आणि घोळके पुन्हा जागेवर. यात जवसाचं श्रेय किती आणि मार्चमधल्या ओलसर हवेचं किती, असा प्रश्न मी विचारला. शेरा दिसेलच तुम्हाला: 'माहीत नाही'.

काडतूस जिथे बसतं त्या कोठीच्या मापाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे नेमाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. चौसष्ट थाऊची गेज घातली की बोल्ट बंद झाला पाहिजे, चौऱ्याहत्तरच्या गेजवर होता कामा नये. गो आणि नो-गो, आमची रोजची भाकरी. बोल्टचं डोकं शून्य ते तीन नंबरांत मिळे ते याचसाठी. मोडीतली रायफल या गेजेस लावल्याशिवाय आणि जाणकार बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय झाडू नये. नेमाची कसोटी त्यानंतर.

आणि माणूस? नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथली पंचाईत अशी की अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. मी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिकडे गेलो तेव्हा तो मला रेंजवर घेऊन गेला. झाडं पेटल्यासारखी लाल. टेबलावर पुढच्या लाकडाखाली दोन कापडी पिशव्या, आत तांदूळ. ओली वाळू थंडीत गोठून दगड होते म्हणून तांदूळ. ("इंद्रायणी नाही बरं का, स्वस्तातला," त्यानं लगेच सांगून टाकलं.) नळी कधीही पिशवीवर टेकवायची नाही, लाकूडच टेकवायचं, आणि दर वेळी त्याच जागी. कानांवर मफ. त्याचा नियम असा की गोळी सुटल्याबरोबर, दुर्बिणीतून बघायच्या आधी, ती कशी गेली ते मोठ्यानं बोलायचं आणि त्यानं ते लिहायचं. मी उस्तादांना आठवून दम रोखला, पकड घट्ट केली, चाप सावकाश ओढला. खांद्यावर गाढवानं लाथ मारली. "छान," मी म्हणालो. पाच गोळ्या झाल्यावर कागद आणला. ज्या गोळीला मी छान म्हणालो होतो ती पार कडेला, आणि जिला "बिघडली" म्हणालो ती मध्यभागी. त्यानं दोन्ही शेरे तसेच लिहिले.

या नियमामागे एक साधी चोरी पकडायची आहे. चार गोळ्या जवळ बसल्या आणि पाचवी लांब गेली की नेमबाज म्हणतो, ती माझ्याकडून गेली, ती धरू नका. का धरू नये? मध्ये बसलेली गोळीही त्याच्याकडूनच गेली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. कागद बघून झाल्यावर गोळी बाद करणं म्हणजे रिजेक्ट झालेला नग मोजणीतून काढून लॉट पास करणं. दुसरी चोरी तीन गोळ्यांची. तीन गोळ्यांचे घोळके छोटे पडतात, म्हणून लोकांना ते आवडतात. गणित सांगतं की तीन गोळ्यांचे घोळके सरासरी अडीच इंचांचे पडत असतील, तर त्याच रायफलीचे, त्याच माणसाच्या हातून, पाच गोळ्यांचे सरासरी सव्वातीनच्या आसपास आणि दहाचे चारच्या आसपास पडतील. रायफल बिघडलेली नसते. जास्त फासे टाकले की कधीतरी जास्त टोकाचं दान पडतंच. दहा कागदांतला सगळ्यात सुरेख कागद पाकिटात ठेवून मित्रांना दाखवणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण तो रायफलीबद्दलही बोलत नसतो. म्हणून या पुस्तकात कुठेही 'सर्वोत्तम घोळका' हा रकाना नाही. प्रत्येक गोळी मध्यापासून किती लांब पडली ते लिहायचं आणि सगळ्यांची सरासरी काढायची. कंटाळवाणं आहे. करून बघा म्हणजे कळेल किती.

पुस्तकात मला खटकलेलं एकच सांगतो, भाऊ रागावला तरी. सगळ्या मोजण्या शंभर फूट आणि शंभर यार्ड, एवढ्याच. त्याच्या रेंजवर त्यापुढे जागा नाही, हे खरं. पण या रायफलीची खरी खोडी लांबवर दिसते. तिचा बोल्ट पुढे न अडकता मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे गोळी सुटताना सगळी नळी लवलवते. जुन्या लष्करी ग्रंथांनीही नोंदवलं आहे की या लवलवण्यात एक योगायोग घडतो. दारू जरा कमी पेटलेली, मंद गोळी तोंडाशी किंचित उशिरा पोचते, आणि त्या वेळी तोंड किंचित जास्त वर उचललेलं असतं. वेगवान गोळी लवकर निघते, तेव्हा तोंड खाली. आठशे-हजार यार्डांवर मंद आणि वेगवान अशा दोन्ही जवळपास एकाच उंचीवर येऊन बसतात. शंभरावर सामान्य वाटणारी ही बंदूक हजारावर अपेक्षेपेक्षा बरी का वागते, याचं उत्तर त्यात आहे, आणि ते पुस्तकात ऐकीव माहिती म्हणून अर्ध्या पानात उरकलं आहे. दुसऱ्या आवृत्तीला त्यानं लांब रेंज शोधावी. उलट गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावरचं प्रकरण निम्मं केलं तरी चालेल.

इथल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे. सर्वसामान्य माणसाला ती परवान्यावरही मिळत नाही. परवानाधारकांसाठी आपल्या सरकारी कारखान्यानं तिच्याच धर्तीवर ३१५ बोअरची रायफल काढली, ती वेगळी. तेव्हा या पुस्तकातले प्रयोग इथे कोणी करायला जाऊ नये, आणि आजोबांच्या माळ्यावर काही सापडलंच तर आधी पोलीस ठाण्यात कळवावं. पण मोजायला शिकणाऱ्या कोणालाही, मग तो लेथवर असो की प्रयोगशाळेत, कोष्टकं वाचायला परवाना लागत नाही.

लेखकानं शेवटच्या प्रकरणात एनफिल्डची जुनी कसोटी लावली आहे. लोखंडी घोडी नव्हती, तांदळाच्या पिशव्याच होत्या. शंभर फूट, पाच गोळ्या, एक इंच बाय दीड इंचाची चौकट. एकदा न करता दहा वेळा केली, दहा वेगवेगळ्या दिवशी. नऊ वेळा पाचपैकी चार किंवा पाचही आत. एकदा तीनच. तो दहावा, नापास कागद त्यानं मुखपृष्ठावर छापला आहे.